सासूबाईंचे टाके

आमच्या सासूबाईंना मी कधी मांडी घालून बसलेलं पाहिलं नाही. त्या उकिडव्या बसायच्या. कुणी हाक मारली तर मांडी मोडण्यात वेळ जायला नको, म्हणून. जेवायलासुद्धा तशाच. नवी सून म्हणून मी त्या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात पाट पुढे सरकवला आणि म्हटलं, "आई, नीट बसा की." तर म्हणाल्या, "पाटावर बसाला मी काय पावणी हाय?" आणि तोंडात घास असतानाच उठून सासऱ्यांना पाणी द्यायला गेल्या. सासरे हंड्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

निडी स्टेशनात उतरून शेतांच्या बांधावरून चालत गेलं की आमचं घर. पावसाळ्यात भात, भात कापून झालं की त्याच जमिनीत वाल. मी मूळची पेणची. लग्नानंतर रोह्याच्या शाळेत लागले, गाडीने जाऊन येऊन करायची. आमचे हे कंपनीत, आज फर्स्ट शिफ्ट तर उद्या नाइट. म्हणजे दिवसभर घरात राहायचे सासूबाई, सासरे आणि काम. त्यातलं काम सासूबाईंच्या वाट्याला. सासरे वाईट नव्हते हो, उगाच का बोला! शेतात मरमर राबायचे, दारूला शिवायचे नाहीत, बायकोवर कधी हात उगारला नाही. पण उंबरा ओलांडून आत आले की हातपाय शेतावरच ठेवून आल्यासारखे बसायचे. पाणी, चहा, टोपी, तंबाखूची डबी, सगळं हातात यावं लागे. मला त्याचा फार राग यायचा. आता येत नाही. रागवायलाही अंगात जीव लागतो.

या सासऱ्यांची आजारपणाबद्दलची मतं ठाम होती. तरुणपणी त्यांच्या नडगीवर कोयता बसला होता. रोह्याच्या डॉक्टरने टाके घातले आणि पडून राहायला सांगितलं. हे गृहस्थ दुसऱ्याच दिवशी नांगराला गेले. टाके उसवले, पाय पिकला, त्या सालची सगळी शेती वाया गेली. तेव्हापासून त्यांच्या लेखी जगात खरा आजार एकच, ज्यात टाके पडतात तो. ताप आला तर "काम केलं का घाम येल, उतरेल." कंबर धरली तर "चाय घे जरा." बाकी सगळ्याला एकच प्रश्न, "टाके नायत ना? मग काय झालाय?" एकदा मळणीत भाताचं कुसळ त्यांच्या स्वतःच्या डोळ्यात गेलं, तेव्हाही टाके नाहीत म्हणून फडकं बांधून हिंडले, आणि तो डोळा कायमचा गेला. पुढचा सगळा संसार त्यांनी एका डोळ्यावर केला, पण मत काही बदललं नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माझ्या बाळंतपणात टाके पडले, तेव्हा याच माणसाने मला सव्वा महिना खाटेवरून उतरू दिलं नाही. मी पाण्याला उठले तरी ओरडायचे, "सूनबाय, टाके हायत! हलू नको!" माझं सगळं अर्थातच सासूबाईंनी केलं. एकदा मला तेल लावता लावता त्या म्हणाल्या, "नशीबवान हायस गो. मला पोरं झाली ती सुईणीच्या हातची. एक टाका म्हणून पडला नाय." मी हसले. त्या हसल्या नव्हत्या, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला तेव्हा तो घरात कुणाला कळला नाही, कारण त्यांनी कळू दिला नाही. तांदूळ हाताने चाचपून निवडायच्या. भाकरी भाजली का ते वासावरून ओळखायच्या. एक दिवस चुलीतला निखारा उचलायला चिमटा म्हणून त्यांनी विळीला हात घातला आणि बोट कापून घेतलं. तेव्हा मी त्यांना उजेडात नेऊन बघितलं, तर बाहुलीवर दुधासारखी साय. मी कपाळाला हात लावला. "आई, कधीपासून?" "राहू दे गो. मोतीबिंदू पिकाला लागतो. पिकला का काढू." फणस होता की काय तो!

दिवस थंडीचे होते. भात घरात आलं होतं, वाल शेतात उभे होते. मी रजा टाकली आणि त्यांना घेऊन पेणला माझ्या माहेरी गेले. तिथल्या दवाखान्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आत गेल्या आणि मी बाहेर चहा पिऊन येईपर्यंत पट्टी लावून बाहेर आल्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, काळा गॉगल दिला, आणि डॉक्टर म्हणाले, "झालं. आता थेंब घालायचे, डोळा चोळायचा नाही, पाणी लागू द्यायचं नाही, थोडे दिवस वाकून जड उचलायचं नाही. बाकी हळूहळू सगळं सुरू करा."

"टाके किती घातलेत?" सासूबाईंनी विचारलं.

"टाके नाहीत, आजी. आता छेद अगदी बारीक असतो. आतल्या दाबाने आपला आपण मिटतो. टाक्यांची गरजच पडत नाही."

"एकसुद्धा नाय?"

"एकसुद्धा नाही."

सासूबाईंचा चेहरा पडला. डॉक्टरांना वाटलं घाबरल्या. त्यांनी कागदावर डोळा काढून पुन्हा समजावलं, पूर्वी मोठा छेद घ्यायचे म्हणून टाके लागायचे, महिनाभर जपावं लागायचं, आता तसं नाही, कुणाला क्वचित लागला तर लागतो. मलाही वाटलं की टाके नाहीत म्हणजे जखम उघडी राहिली, अशी त्यांची समजूत झाली असेल. एसटीत मी वाटभर त्यांना धीर देत होते. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि हं हं करत होत्या.

घरी आलो तर सासरे पडवीत उभेच. एका डोळ्याने गॉगल निरखला आणि पहिला प्रश्न तोच.

"टाके पडले का गो?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "व्हय. पडलेत."

"किती?"

"मोजाला माझं डोलं उघडं व्हतं का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. काळ्या काचांमागे काय चाललंय ते दिसण्यासारखं नव्हतं. पण माझ्या दंडावर त्यांचा हात होता आणि त्या हाताने माझा दंड घट्ट दाबला. मी तोंड मिटलं. सासरे लगबगीने आत गेले आणि त्यांनी स्वतः खाट अंथरली. मी तीस वर्षं त्या घरात काढली, पण त्यांना अंथरूण घालताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गोधडी उलटी घातली होती, पण घातली होती.

आणि मग बाई त्या घरात जे सुरू झालं ते बघायला गाव यायचं बाकी राहिलं होतं. सासऱ्यांनी जाहीर केलं, "वाल निघेस्तोवर हिने उठाचं नाय." पहाटे चूल ते पेटवायला लागले. धुराने त्यांचा एकुलता डोळा लाल व्हायचा. तांदळाच्या भाकरीचे असे नकाशे थापायचे की मी शाळेत भूगोलाच्या तासाला न्यावेत. मी शाळेतून येऊन करते म्हटलं तर म्हणायचे, "तू दमून येतेस." हे वाक्य त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि ऐकून मोरीत जाऊन रडले. खरं सांगते. एवढीशी गोष्ट, पण रडू आलं.

बिरड्याचा दिवस तर मी विसरणार नाही. सासऱ्यांना वालाचं बिरडं जिवापलीकडे आवडायचं. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, हे किती किचकट काम असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. सासरे परात घेऊन बसले. अर्धे दाणे चिरडले, अर्धे पडवीभर उडाले. माझी शाळेची गाडी चुकेल म्हणून मी निघाले तेव्हा ते बसले होते, आणि दुपारची शाळा सुटून आले तरी बसलेलेच होते. वर बघून म्हणाले, "सूनबाय, ह्याला रोज एवढा टाइम जातो?" मी म्हटलं, "रोज नाही, बाबा. बिरडं असेल त्या दिवशी." ते परत सोलायला लागले. पण त्या थंडीत पुन्हा बिरडं मागितलं नाही.

आणि सासूबाई? पहिले काही दिवस त्यांना पडून राहताच येईना. हात गोधडीवर चालत असायचे, काहीतरी निवडल्यासारखे. मग एका दुपारी झोप लागली. अशी लागली की घोरणं पडवीपर्यंत ऐकू यायचं. नंतर रोज. सकाळी झोपायच्या, दुपारी झोपायच्या, दिवेलागणीला पेज घेऊन पुन्हा झोपायच्या. कितीतरी वर्षांची थकबाकी वसूल करत होत्या बाई. गाल भरले, आवाज निवळला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन म्हणतात, तसं झालं.

थेंब घालायचं काम माझ्याकडे होतं. एकदा थेंब घालताना त्या हळूच म्हणाल्या, "तू काय बोलली नायस ह्यांना. बरं केलंस."

"आई, पण कशाला? दमलात म्हणून सरळ सांगायचं ना."

"दमले म्हणून कोन निजू देतो गो? दमतात सगलीच. टाके पडले म्हंजे कशी, कोनची चूक नस्ते." मग डोळा मिटून घेत म्हणाल्या, "एक डोला साफ झाला तर ह्यांची पाठ दिसली. किती वाकलीय. हांडा आनताना कण्हतात. रोज वाटतं, आज सांगून टाकावं. आन रोज वाटतं, आजचा दीस निजू."

एक दिवस सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाई बघायला आल्या. त्यांचं ऑपरेशन फार पूर्वीचं, शाळेच्या हॉलमध्ये शिबिरं भरायची तेव्हाचं. त्यांना खरोखरचे टाके पडले होते, डोक्याच्या दोन्ही बाजूंना रेतीच्या पिशव्या ठेवून निजवलं होतं. त्या पायाशी बसून म्हणाल्या, "आता म्हनं टाकं घालीतच नायत. स्टेशनावरच्या वानिणीचं आप्रेशन झाला, तिसऱ्या दिवशी दुकानात." सासरे दारात चहा घेऊन उभे. सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "वानिणीला बसून पैसं घ्यायचं असतात. आपल्याला खाली वाकायचं असतं. वाकनाऱ्याला टाके घालतात." जाऊबाईंना ते पटलं. सासऱ्यांना तर पटलंच पटलं. मी पदर तोंडात कोंबून आत गेले.

वाल निघाले, झोडपून झाले, आणि एके सकाळी सासरे म्हणाले, "आता टाके जिरलं असतील." सासूबाई उठल्या. दुसऱ्या दिवशी चूल त्यांनी पेटवली. सासरे पडवीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. जसं मध्ये काही झालंच नाही. मला वाटलं होतं काहीतरी बदलेल. वाटणारच, मी तेव्हा तरुण नसले तरी मूर्ख होते. माणसं अशी एका थंडीत बदलत नाहीत.

त्यानंतर चार पावसाळे गेले आणि सासऱ्यांच्या त्या एकुलत्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. तेही लपवायला शिकले होते. बांधावरून दोनदा घसरले तेव्हा कळलं. रोह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फार उशीर केलात. मोतीबिंदू पार पिकलाय, आतला दाब वाढायला लागलाय. आता लांबवलं तर हा डोळा हातचा जाईल." हाच डोळा होता त्यांना. दुसरा होता कुठे? लगेचची तारीख घेतली. त्या दिवशी मी आणि सासूबाई, दोघी त्यांना घेऊन गेलो.

आत न्यायच्या आधी सासऱ्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "टाके किती घालनार?"

"नाही घालावे लागणार, आजोबा. लागलाच तर एखादा."

"माझ्या बायकोला पेनला घातले ते?"

बाई म्हणाल्या, "त्यांनाही नसतील घातले." झालं! सासरे ताडकन उठले. "मना येड्यात काढू नका. महिनाभर मी केलंय हिचं. सोताच्या हातानं. टाके व्हते तिला. तिकडं घालतात आन इकडं डोला उघडा टाकून धाडतात व्हय? फुकटात करताय म्हणून?" टोपी घेतली आणि चालू पडले. मी मागे धावले, हात जोडले, बाबा बाबा केलं. गाढवापुढे वाचली गीता. चाचपडत, लोकांना धडकत, ते थेट स्टेशनात जाऊन बाकावर बसले. "गाडी येल तवा घरी. एक डोला गेला, दुसराबी देवाला." मला नवराबायको दोघांच्याही थोबाडीत माराव्याशा वाटल्या, देव मला क्षमा करो.

सासूबाई मागून सावकाश आल्या. मला म्हणाल्या, "तू जरा पलीकडं बस गो." मी पुढच्या बाकावर जाऊन बसले, पण ऐकू येत होतं.

"अहो, मला टाके नव्हते."

सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पेनच्या डाक्तरानं पन हेच सांगितलं व्हतं. टाके लागत नायत म्हणून. मी तुम्हाला खोटं सांगितलं. आता उठा. डोला जाईल."

"मग एवढी निजून का राहिलीस?"

"दमले व्हते."

"मग सांगाचं व्हतं दमले म्हणून."

"सांगून उठला असता तुम्ही?"

गाडी लागली होती. लोक चढत होते, कुणी तरी टोपल्या आत सरकवत होतं. सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, उत्तराची वाट बघितल्यासारख्या. त्यांनी आयुष्यात नवऱ्याला विचारलेला तो पहिला प्रश्न असावा. गाडी सुटली. आम्ही तिघंही बसून राहिलो. प्लॅटफॉर्म रिकामा झाला तेव्हा सासरे उठले, त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "धर. मना दिसत नाय." सासूबाईंनी हात धरला आणि दोघं दवाखान्याकडे चालू लागले.

डोळा वाचला. मोतीबिंदू इतका कडक झाला होता की छेद मोठा घ्यावा लागला आणि बाईंना एक टाका घालावाच लागला. मला वाटलं, आता हे वर्षभर तो टाका मिरवतील. पण घरी आल्यावर कुणीही विचारलं की सासरे म्हणायचे, "नाय. टाका बिका काय नाय." चार दिवसांत अंगणात फिरायला लागले. मी रागावले तर म्हणाले, "तू कोनाला सांगू नको." बाई बाई, काय माणसं ही!

त्यानंतर ते पाणी आपलं आपण घ्यायला लागले. एवढंच. भाकरी पुन्हा थापली नाही, गोधडी पुन्हा अंथरली नाही. पण रोज जेवण झालं की सासूबाईंना म्हणायचे, "पड जरा." सासूबाई पडायच्या, आणि चुळबुळ करून थोड्याच वेळात उठायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "झोप येत नाय गो अशी. ते बाहेर जागे बसतात ना, पहारा केल्यागत. मनाला लागतं. टाके व्हते तेच बरं व्हतं." सासरे हिरमुसले व्हायचे. "झोपली नायस?" विचारायचे. त्या म्हणायच्या, "झोपले व्हते की." हेही खोटंच. मी ऐकून सोडून द्यायची. शाळा, गाडी, घर, परीक्षांचे पेपर, माझाही जीव मेटाकुटीला आलेला असायचा. कुणाकुणाची झोप सांभाळू?

एके दिवशी शाळेतून आले तर सासरे पडवीत दाराशी बसलेले. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "हळू," म्हणाले, "निजलीय." चेहऱ्यावर एवढं समाधान मी त्यांच्या कधी पाहिलं नव्हतं. "जेवून पडली ती अजून उठली नाय. मी कोनाला आत जाऊ नाय दिला. हिची जाऊ आली व्हती, तिला पन परत धाडली. म्हटलं, दमलीय, निजू दे."

मी चपला हातात घेऊन आत गेले. सासूबाई कुशीवर झोपल्या होत्या, पाय लांब सोडून. मी पायावर पांघरूण ओढायला गेले आणि माझा हात तिथेच राहिला. पाय केव्हाचे गार पडले होते.

बाहेर आले. मी त्यांच्या शेजारी खाली बसले.

"झोपलीय ना?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"झोपू दे," सासरे म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "उठवू नको. आज भात मी लावतो." ते आत चुलीकडे गेले, फडताळातून तपेली काढताना आवाज होऊ नये म्हणून जपून काढू लागले, आणि मी त्यांना थांबवलं नाही.